रस्त्याच्या स्वच्छतेचा सर्व्हे पहिल्यांदाच करताय? नागपुरात तो कसा लिहायचा ते सांगतो

दर वेळी सर्व्हेला नवीन पोरं-पोरी येतात आणि पहिल्या दिवशी जवळपास सगळे एकच करतात, रस्ता बघतात, नाक मुरडतात आणि फॉर्मवर लिहितात 'खूप घाण आहे'. आता खूप म्हणजे किती? धरमपेठेत राहणाऱ्याला जे खूप वाटतं ते इतवारीत दुकान असलेल्याला रोजचंच असतं, आणि इतवारीवाला ज्याला 'चालते ना भाऊ' म्हणेल त्यावर धरमपेठेतल्या काकू झोन ऑफिसला तीनदा फोन लावतील. मग झोनमधला साहेब तो कागद घेऊन करणार काय, फाइलला लावणार आणि विसरणार. म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवा, तुम्ही जे लिहिलं ते तुमच्यानंतर दुसरा माणूस त्याच जागी उभा राहिला तर त्यानेही तेच लिहिलं पाहिजे. पावलं मोजणं, फोटो, फॉर्म, कोड नंबर ही सगळी उठाठेव त्यासाठीच आहे.

आणखी एक, हे आणि स्वच्छ सर्वेक्षण एक नाही. ते केंद्र सरकारचं, २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालेलं, त्यात अख्ख्या शहराला मार्क मिळतात. आपण करतो ते रस्त्यापुरतं, म्हणजे कुठल्या बीटवर काय पडलंय, किती पडलंय, केव्हा पडलंय. बीट म्हणजे एका सफाई कामगाराच्या वाट्याला आलेला रस्त्यांचा तुकडा, हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी कामाला येतो.

जागा निवडणं

इथेच अर्धा सर्व्हे बिघडतो. माणूस साहजिकच जिथे घाण आहे तिथे जातो, आणि मग आकडा येतो की नागपूर नव्वद टक्के घाण. असं नसतं चालत. आपल्या मनपाचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तुम्हाला जो झोन मिळाला त्यातल्या सगळ्या रस्त्यांची यादी करा आणि तिचे गट पाडा, बाजाराचे रस्ते, मोठे रस्ते, वस्तीतले आतले रस्ते, बोळी, आणि नाल्याच्या किंवा नदीच्या काठचे. मग प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून रस्ते काढा, एक्सेल येत असेल तर त्यात रँडम नंबर काढा, पण स्वतःच्या मनाने निवडू नका. चिठ्ठीत सिव्हिल लाइन्सचा चकाचक रस्ता निघाला तर तोही करायचा, 'इथे काय लिहू' म्हणून सोडायचा नाही, स्वच्छ रस्ता स्वच्छ म्हणून लिहिणं हीसुद्धा नोंदच आहे. आणि कोणते रस्ते निघाले ते आधी कोणाला सांगू नका हो. सांगितलं की त्या दिवशी तिथे दोन झाडू जास्त पडतात, त्यात वाईट कोणाचा हेतू नसतो पण आकडा खोटा होतो.

रस्ता पूर्ण नाही बघायचा, ५० मीटरचा तुकडा बघायचा. इंग्लंडमध्ये नगरपालिकांचा असा सर्व्हे करायची जुनी पद्धत आहे, तिच्यातही ५० मीटरचेच तुकडे असतात, आणि १९९० च्या त्यांच्या पर्यावरण कायद्याखाली चार ग्रेड ठरलेले आहेत, ते आपण जवळपास तसेच घेतलेत, खाली सांगतो. ५० मीटर मोजायला टेप घेऊन रोज कोण फिरणार, म्हणून घराजवळ एकदा टेपने ५० मीटर मोजा आणि आपल्या नेहमीच्या चालीने तीन वेळा चालून पावलं मोजा. माझी ६८ येतात, आमच्यातल्या एका उंच पोराची ६१. आपला आकडा पॅडच्या मागे लिहून ठेवा.

तुकड्याची सुरुवात आणि शेवट अशा वस्तूवर धरा जी उद्याही तिथेच असेल. विजेचा खांब, ट्रान्सफॉर्मर, मंदिराचा ओटा, शाळेचं गेट. एकीने लिहिलं होतं 'पांढऱ्या कारपासून पुढे'. दुसऱ्या फेरीला कार गेली होती गोंदियाला.

सोबत काय घ्यायचं

पॅड, दोन पेन, पाण्याची बाटली, टोपी किंवा दुपट्टा, चार्ज केलेला फोन आणि ज्या ऑफिससाठी करताय त्यांचं पत्र. पत्राची लॅमिनेट केलेली झेरॉक्स गळ्यात अडकवा, हे फार महत्त्वाचं. मे महिन्यात असाल तर दहाच्या आत आटपा, इथे पारा ४५ च्या वर जातो, तिथे हिरोगिरी नको, खिशात कांदा ठेवायचा की नाही ते तुमच्या आजीला विचारा, मी ठेवतो. सकाळी बोळीत कुत्र्यांचे घोळके असतात, त्यामुळे दोघांनी जायचं, एकट्याने नाही. दोघं असले की एक बघतो आणि एक लिहितो, चुकाही निम्म्या होतात.

वेळ

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात सकाळी सात वाजता बाजाराचे सगळे रस्ते उरकले. सगळीकडे अ आणि ब. आम्ही खुश, ऑफिसही खुश. मग कोणीतरी दुपारी एक वाजता त्याच रस्त्यावर मोबाइलचं कव्हर घ्यायला गेला आणि तिथूनच फोटो टाकला, पुठ्ठे, थर्माकोल, पॅकिंगच्या पट्ट्या, उसाचं चिपाड, पाय ठेवायला जागा नाही. झालं काय होतं तर रस्ता नुकताच झाडलेला होता आणि दुकानांची शटरं उघडायची होती. आम्ही रस्ता नाही, झाडू मोजून आलो होतो.

त्यामुळे आता बाजाराच्या रस्त्याला दोन वेळा जातो, एकदा झाडल्यानंतर तासाभरात आणि एकदा धंद्याच्या भर वेळेत. वस्तीत एकदा पुरतं, पण घंटागाडी येऊन गेली की यायची आहे ते लिहायचं. आणि फॉर्मवर वेळ घड्याळात बघून टाकायची, 'सकाळी' असं नाही, ८.१० असं.

सणाचे दिवस टाळा, किंवा केले तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मारबतीच्या म्हणजे पोळ्यानंतरच्या मिरवणुकीच्या दिवशी महाल-इतवारीत, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूला, विसर्जनाला तलावांकडे जे दिसतं ते त्या दिवसाचं असतं. त्याची नोंद करायची तर जरूर करा, पण रोजच्या आकड्यात मिसळू नका.

ग्रेड द्यायचा कसा

आधी ५० मीटर न थांबता, न लिहिता एकदा चालून जा. मग परत फिरा आणि येताना लिहा. पहिल्या नजरेत माणूस ढिगाकडेच बघतो, दुसऱ्या फेरीत कडा दिसतात.

अ म्हणजे कचरा नाहीच. नवीन लोक अ द्यायला घाबरतात, वाटतं आपण नीट बघितलं नाही असं म्हणतील. नाही म्हणत, द्या. ब म्हणजे एकंदर साफ, इकडेतिकडे काही बारीक पडलंय, चार-पाच पन्न्या म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, एक चहाचा कप. क म्हणजे तुकडाभर पसरलंय आणि मधेमधे थोडं साचलंय. ड म्हणजे ढीग, वास, माशा, गाय उभी आहे आणि लोक रस्त्याच्या मधून चालताहेत कारण कड वापरता येत नाही. ब आणि क च्या मधे अडकलात की 'ब वजा' द्या, पण हा पर्याय आळशासारखा वापरू नका, दिवसभरात वीसपैकी पंधरा ब वजा आले तर तुम्ही ठरवायचं टाळताय.

सगळ्यात जास्त भांडणं कुठे होतात सांगतो. ४५ मीटर एकदम साफ आणि शेवटच्या कोपऱ्यात रिकाम्या प्लॉटला लागून भला मोठा ढीग. ग्रेड काय? आम्ही ठरवलंय की ग्रेड अख्ख्या तुकड्याचा द्यायचा आणि ढीग वेगळ्या रकान्यात लिहायचा, कारण ढिगाचा उपाय वेगळा असतो. मनपाच्या भाषेत अशा जागेला जीव्हीपी म्हणतात, म्हणजे जिथे लोक पुन्हा पुन्हा कचरा आणून टाकतात ती जागा. ढिगाचं माप किलोत लिहू नका, तुम्ही काय वजन करणार आहात? घमेलं, हातगाडी, ट्रॉली, या मापात लिहा. 'सुमारे तीन घमेली' म्हटलं की जमादाराला, म्हणजे सफाई कामगारांवर देखरेख करणाऱ्याला, लगेच समजतं किती माणसं लागतील.

गेटसमोर बादली ठेवलीय आणि गाडी यायची आहे तर तो कचरा धरायचा नाही. गाठ मारलेली पन्नी खांबाच्या बुंध्याशी टाकलीय तर धरायचा. झाडून कडेला लावलेले छोटे ढीग दिसले तर थांबा, कामगार हातगाडी घेऊन येतच असेल, तो तुकडा अर्ध्या तासाने परत बघा. हे नवीन माणसाला कळत नाही आणि ज्याने पहाटेपासून झाडलं त्याच्याच रस्त्याला ड लागतो, वाईट वाटतं बिचाऱ्याला.

माती-धूळ आणि पालापाचोळा कचऱ्यात मिसळायचा नाही, त्याला वेगळा ग्रेड द्या, तोच अ ते ड. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झालेत आणि कडेला गट्टू म्हणजे फरशीचे ब्लॉक लावलेत, दोघांची उंची बऱ्याच ठिकाणी सारखी नाही, त्या फटीत माती बसते, मातीत पन्नी अडकते, वरून झाडू फिरतो आणि खालचं तसंच राहतं. हे मातीच्या रकान्यात आलं तर ऑफिसला कळतं की इथे झाडू नाही, खरवडायला माणूस लागेल. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत झाडांच्या रस्त्यावर माती-पाल्याचा ग्रेड एकदम घसरतो, तेव्हा घाबरू नका, कचऱ्याचा ग्रेड वेगळा असल्यामुळे गोंधळ होत नाही.

काय पडलंय ते

फॉर्ममध्ये प्रकारांची यादी असते, प्लास्टिक, कागद, ओला कचरा, मलबा, बाटल्या, वगैरे. २०१६ मध्ये आलेल्या घनकचऱ्याच्या नियमांमुळे ओला, सुका आणि घरातला घातक हे तर आता पोरांनाही पाठ आहे. पण बाहेरून आलेल्या तयार फॉर्ममध्ये आपल्याकडचा मुख्य आयटमच नसतो, तो म्हणजे खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून देतात त्याची पन्नी. नागपूरच्या रस्त्यावर कडेने चाला आणि दुसरं काही मोजू नका, फक्त ती चौकोनी, पातळ, चुरगळलेली, आतून चुन्याचा पांढरा डाग असलेली पन्नी मोजा, चालता चालता दमाल. ती इतकी हलकी असते की झाडूने उडते, गडरच्या म्हणजे गटाराच्या जाळीत जाऊन बसते आणि पावसाळ्यात पाणी तुंबलं की सगळे विचारतात काऊन तुंबलं. आम्ही तिला वेगळा रकाना दिला आणि तिथे टिक नाही, आकडा लिहितो. तिच्यासोबत तर्री पोह्याच्या ठेल्याजवळचे द्रोण आणि प्लेटा, रसवंतीचं चिपाड, सिझनमध्ये संत्र्याची सालं, यांनाही जागा ठेवा.

एक पूर्ण नोंद दाखवतो, महालातल्या एका बोळीची, अशी दिसली पाहिजे:

'कोड ६-०४-२. वेळ ८.१०, घंटागाडी येऊन गेली. सुरुवात विजेचा खांब, शेवट पिठाची चक्की. कचरा क, माती क. उजव्या कडेला गट्टूच्या फटीत खर्रा पन्नी ३१, त्यातल्या २४ पानठेल्यापासून सहा पावलांच्या आत. डाव्या कडेला द्रोण २, पाण्याची बाटली १. चक्कीच्या भिंतीला ढीग, एक घमेलं, ओला-सुका एकत्र. डस्टबिन नाही. गडरचं झाकण ठीक.'

यात 'घाण' हा शब्द कुठेच नाही बघा. आणि 'लोकांना अक्कल नाही' हेही नाही, ते घरी जाऊन बोला. कोडमध्ये ६ म्हणजे गांधीबाग झोन, ०४ रस्त्याचा नंबर, २ म्हणजे दुसरा तुकडा. कोड टाकाच, कारण नावाचा भरवसा नाही, एकजण शंकरनगर लिहितो, दुसरा शंकर नगर, तिसरा नुसतं एस नगर, आणि एक्सेलमध्ये तीन वेगळे रस्ते तयार होतात.

फोटो

प्रत्येक तुकड्याचे दोन फोटो, सुरुवातीच्या खुणेजवळ उभं राहून शेवटाकडे आणि शेवटाकडून सुरुवातीकडे, फोन आडवा धरून. ढीग असेल तर तिसरा. जवळून काढलेला फोटो फसवतो, एका पन्नीचा क्लोजअप काढला तर भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड वाटेल. लोकेशन चालू आहे का ते निघायच्या आधी बघा. एका रविवारी आम्ही ४६ फोटो काढून आलो आणि संध्याकाळी कळलं लोकेशन बंद होतं, सगळ्या बोळी सारख्याच दिसत होत्या, पुढच्या रविवारी परत गेलो. जीपीएस मोकळ्या जागी साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर दाखवतं पण इतवारीच्या अरुंद गल्लीत उंच घरांमधे पॉइंट शेजारच्या रांगेत जाऊन पडतो, म्हणून खांब-चक्कीची खूण हाताने लिहायची ती लिहायचीच.

चेहरे नको, गाडीचे नंबर नको, आणि काम करणाऱ्या सफाई कामगाराचा फोटो त्याला विचारल्याशिवाय अजिबात नको. ग्रुपवर फॉरवर्ड तर नकोच नको.

फॉर्म फोनवरच भरत असाल तर असं अॅप घ्या जे नेट नसताना चालतं, कोबो त्यातलं एक, फुकट आहे. गूगल फॉर्म नेट गेलं की रुसतो. कागदावर भरत असाल तर त्याच संध्याकाळी एन्ट्री करा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर वाचता येत नाही.

लोक विचारतीलच

पाच मिनिटं पॅड घेऊन उभं राहिलं की कोणीतरी येणारच. 'काय लिहून राहिले भाऊ, चालान फाडता काय?' लोकांना वाटतं तुम्ही मनपाच्या उपद्रव शोध पथकाचे, दंड लावायला आले. हसून पत्र दाखवा, 'नाही दादा, दंडाचं काम आमचं नाही, रस्ता कसा आहे तेवढं लिहितो, दुकानाचं नाव टाकत नाही.' आणि खरंच टाकू नका. बायकांशी बोलताना 'काकू, गाडी केव्हा येते?' एवढं विचारलं की बीटची अख्खी कुंडली मिळते, कोणत्या दिवशी गाडी चुकते, रात्री कोण येऊन टाकून जातो, सगळं. ते ऐका, पण ग्रेडमध्ये आणू नका, ग्रेड डोळ्याला दिसेल त्याचा. ऐकलेलं खाली 'रहिवासी सांगतात' म्हणून लिहा.

मेलेलं जनावर, उघडं चेंबर, लोंबकळणारी तार दिसली तर सर्व्हे बाजूला ठेवा आणि आधी तक्रार करा, फोनवर किंवा स्वच्छता अॅपवर. रिपोर्ट व्हायला महिना लागेल, चेंबरमध्ये माणूस आजच पडेल.

तपासणी आणि हिशेब

दर दहा तुकड्यांमागे एक तुकडा दुसऱ्या जोडीने, त्याच दिवशी, तुमचा ग्रेड न बघता करायचा. दोघांचे जुळले तर छान. नाही जुळले तर भांडू नका, दोघांनी मिळून परत त्या जागी जा आणि कशामुळे फरक पडला ते शोधा, बहुतेक वेळा एकाने नाली धरलेली असते आणि दुसऱ्याने नाही. जे ठरेल ते सगळ्यांना सांगा. मागचे ग्रेड खोडून जुळवून घेऊ नका, दोन्ही राहू द्या.

हिशेब सोपा आहे, एकूण तुकड्यांपैकी किती टक्के खराब निघाले तेवढं काढायचं. समजा ६० तुकडे केले, ९ क, ३ ड, १० ब वजा, बाकी अ आणि ब. क आणि ड पूर्ण धरायचे, ब वजा अर्धा धरायचा. १२ अधिक ५ म्हणजे १७, भागिले ६०, म्हणजे २८ टक्के आणि वर थोडं. ब वजा अर्धा धरायची रीतही इंग्लंडच्या त्याच सर्व्हेतली. हा आकडा बाजार, वस्ती, बोळी असा वेगवेगळा काढा, सगळ्यांचा मिळून एक काढला तर त्यातून काही समजत नाही. आणि बाजाराचा झाडल्यानंतरचा आणि दुपारचा आकडा शेजारी शेजारी ठेवा, त्या दोघांतल्या फरकावरच झोनमध्ये खरी चर्चा होते.

ऑफिसला देताना

यादी रस्त्यांच्या नावाने लावू नका, बीटने लावा, कारण काम वाटलं जातं ते बीटने. पहिल्या पानावर फक्त ड आणि जीव्हीपी, माप घमेल्यात किंवा ट्रॉलीत, खूण स्पष्ट. बाकी सगळं मागे. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन परत आणा, 'व्हॉट्सअॅपवर टाका ना' म्हणाले तर टाका, पण शिक्का घ्याच.

तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला परत जा. वर दिलेली महालातली बोळ आम्ही अशी परत केली. ढीग उचललेला होता आणि डस्टबिनही लागलं होतं, आम्हाला बरं वाटलं, मग पन्न्या मोजल्या तर २८. डस्टबिन बोळीच्या दुसऱ्या टोकाला लागलं होतं, चक्कीपाशी, आणि पानठेला होता या टोकाला. तेव्हापासून नुसतं 'डस्टबिन नाही' लिहीत नाही, कोणत्या खुणेपासून किती पावलांवर हवं तेही लिहितो.